खिडकीच्या काचेतून सप्तरंग का पडत नाहीत?

खानापूर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरात भर दिवसाही अंधार असे. म्हणून मंगळुरी कौलांच्या छपरात मध्येच एक काचेचं कौल बसवलेलं होतं. सकाळी दहाच्या सुमारास त्यातून उन्हाचा तिरपा खांब चुलीपर्यंत उतरायचा आणि चुलीचा धूर त्यात वेटोळे घेताना दिसायचा. त्या उजेडाचा जो तुकडा भिंतीवर पडे, त्याच्या कडेला बोटभर तांबूस-निळी किनार असायची. मधला उजेड पांढरा, रंग तेवढे कडेला. असं का, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

पुढे मी शिक्षिका झाले. एकदा आठवीच्या वर्गात लोलक दाखवत होते. भिंतीवर रंगांचा पट्टा पडला, पोरांनी ‘तानापिहिनिपाजा’चा एकच गजर केला, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “बाई, खिडकीची काच पण काचच की. मग तिच्यातनं रंग का पडत न्हाईत?”

“ती सपाट आहे, हा त्रिकोणी आहे,” असं मी म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण ते उत्तरही नव्हतं. सपाट असल्यानं नेमकं काय होतं, हे मी तिला सांगितलंच नाही. तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आज लिहिते आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. खिडकीची काच पांढऱ्या उजेडाचे रंग फोडत नाही, असं बहुतेकांना वाटतं. पुस्तकातल्या चित्रांनीच तसं वाटायला लावलं आहे, कारण सपाट काचेतून जाणारा किरण तिथे एकाच रेघेनं काढलेला असतो. प्रत्यक्षात तिरपा उजेड काचेत शिरला की रंग फुटतातच. मग ती काच खिडकीची असो, पाण्याच्या ग्लासाची असो की चष्म्याची. आकाराचं काम त्यानंतर सुरू होतं. फुटलेले रंग बाहेर पडताना पुन्हा एका दिशेला लागतात, की वेगवेगळ्या वाटांनी जातात, हे काचेच्या दुसऱ्या बाजूचा उतार ठरवतो.

रंग फुटतात म्हणजे काय होतं, ते भाताच्या चिखलात नीट समजतं. रोप लावणीच्या दिवसांत रस्त्यावरून एक बैलगाडी तिरकी शेतात उतरते आहे असं समजा. जे चाक आधी चिखलात जाईल ते आधी मंदावेल. दुसरं चाक अजून कोरड्यावर असल्यानं वेगात असेल. साहजिकच गाडी मंदावलेल्या चाकाच्या बाजूला वळेल. प्रकाश काचेत शिरताना असाच वळतो. यालाच पुस्तकात अपवर्तन म्हणतात.

आता याच चिखलात दोन गाड्या उतरवा, एक रिकामी आणि एक धान्यानं भरलेली. भरलेली जास्त रुतेल, जास्त मंदावेल आणि म्हणून जास्त वळेल. तांबडा रंग ही रिकामी गाडी, जांभळा ही भरलेली. पोकळीत सगळे रंग सेकंदाला जवळपास 3 लाख किलोमीटर या एकाच वेगानं धावतात. साध्या, शिसं नसलेल्या ‘क्राउन’ काचेत मात्र तांबडा साधारण 1 लाख 98 हजारांवर येतो आणि जांभळा 1 लाख 96 हजारांवर. फरक जेमतेम एक टक्का. आकाशातल्या कमानीपासून दुर्बिणीतल्या दोषापर्यंत पुढचं सगळं या एका टक्क्यातून निघतं.

जांभळाच का जास्त रुततो? काचेतल्या इलेक्ट्रॉनांना झोपाळ्यासारखी झुलण्याची आपली एक लय असते, आणि ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशाच्या लयीच्या आसपास येते. दिसणाऱ्या रंगांपैकी जांभळा त्या लयीला सगळ्यांत जवळचा. म्हणून काच त्याला जास्त अडकवून ठेवते आणि तांबड्याला कमी.

आता खिडकीकडे वळू. शेत चौकोनी आहे, पलीकडचा बांध अलीकडच्या बांधाला समांतर आहे. जे चाक आधी चिखलात गेलं होतं तेच आधी बाहेर पडतं, आधी वेग घेतं, आणि गाडी जेवढी वळली होती तेवढीच उलट वळून मूळच्या दिशेला लागते. भरलेल्या गाडीचंही तसंच. ती आत जास्त वळली होती, आता तेवढीच जास्त उलट वळते. दोन्ही गाड्या पलीकडच्या रस्त्याला लागतात तेव्हा दोघींची दिशा एकच. फरक एवढाच, की दोघी एकाच जागी बाहेर येत नाहीत, थोड्या शेजारी-शेजारी येतात.

थोड्या म्हणजे किती? हा हिशेब मी वर्गात कधी केला नव्हता, याची मला आजही रुखरुख आहे. खिडकीची काच 5 मिलिमीटर जाड आणि ऊन 45 अंशांत तिरपं धरलं, तर तांबडा आणि जांभळा किरण एकमेकांपासून सुमारे 0.025 मिलिमीटर अंतरावर बाहेर येतात. डोक्याच्या केसाची जाडीही याहून जास्त असते. ऊन हा काही एकटा किरण नव्हे, संपूर्ण खिडकीभर ते येत असतं. एका किरणाचा तांबडा शेजारच्या किरणाच्या निळ्यावर पडतो, त्याच्यावर तिसऱ्याचा हिरवा, आणि सगळं मिळून पुन्हा पांढरं होतं. फुटलेले रंग काच तिथल्या तिथे जुळवते.

लोलकाचं शेत चौकोनी नाही. त्याचा पलीकडचा बांध तिरका आहे. अलीकडच्या बांधावर खालचं चाक आधी रुतलं असेल, तर पलीकडच्या तिरक्या बांधावर वरचं चाक आधी बाहेर पडतं. त्यामुळे गाडी उलट वळून सरळ होत नाही, पूर्वीच्याच दिशेला आणखी वळते. भरलेली गाडी दोन्ही बांधांवर जास्त वळते, आणि दोघींच्या वाटा कायमच्या वेगळ्या होतात. वाटांमधला कोन एकदा पडला की अंतराबरोबर फट वाढत जाते. भिंत जितकी लांब, तितका रंगांचा पट्टा लांब.

आपल्या बोलण्यात लोलक म्हणजे झुलणारी, लोंबणारी वस्तू. कानातले लोलक, झुंबराचे लोलक. झुंबराच्या काचेला पैलू पाडलेले असायचे, म्हणजे तिरके बांधच की. शाळेतल्या त्रिकोणी काचेला तेच नाव मिळालं हे मला फार आवडतं.

पण तिरका असणं पुरेसं नाही, किती तिरका हेही बघावं लागतं. इथे आपला जुना सोबती कवडसा मदतीला येतो. छपराच्या बारीक भोकातून जमिनीवर पडणारा कवडसा भोक चौकोनी असो की वेडंवाकडं, गोलच का असतो? कारण तो भोकाचा आकार नसतो, सूर्याचं चित्र असतं. आकाशात सूर्यबिंब सुमारे अर्ध्या अंशाएवढं दिसतं, म्हणून भोकापासून जमीन जितकी लांब, त्याच्या साधारण शंभराव्या हिश्श्याएवढा कवडसा रुंद होतो. तीन मीटरवर जवळपास 3 सेंटिमीटर.

हा अर्धा अंश रंगांचा शत्रू आहे. लोलकानं रंग एकमेकांपासून अर्ध्या अंशाहून कमी अंतरावर फाकवले, तर सूर्यबिंबाची सात रंगी चित्रं एकमेकांवर चढतात आणि मधे पांढरंच दिसतं. 10 अंशांचा पातळ, पाचरीसारखा काचेचा तुकडा तांबड्या आणि जांभळ्यात जेमतेम 0.16 अंशाची फट पाडतो. म्हणून त्यातून आलेला उजेड मध्ये पांढरा आणि कडांना रंगीत दिसतो. एका कडेला तांबडा उघडा पडतो, दुसऱ्या कडेला निळा. आमच्या काचेच्या कौलाचं तेच होतं. त्याच्या उंचवट्यांमुळे आणि गोलाव्यामुळे ठिकठिकाणी अशा पातळ पाचरी तयार झालेल्या होत्या.

60 अंशांच्या क्राउन काचेच्या लोलकात हीच फट सुमारे 1.4 अंशांची होते. तीन मीटरवरच्या भिंतीवर म्हणजे सात सेंटिमीटर, आणि वर सूर्यबिंबाचा 3 सेंटिमीटरचा पसरटपणा. आता रंग ओळखू येतात. तोच लोलक फ्लिंट म्हणजे शिसं घातलेल्या जड काचेचा केला तर पट्टा दुपटीहून जास्त लांबतो. तो गुण अर्थात काचेचा, आकाराचा नव्हे.

मग 90 अंशांच्या कोनातून आणखी जास्त रंग मिळतील? एकही मिळणार नाही. क्राउन काचेच्या आतून येणारा प्रकाश काठावर सुमारे 41 अंशांहून जास्त तिरपा आदळला तर तो बाहेर न पडता आतच परततो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. माथ्याचा कोन सुमारे 83 अंशांच्या पुढे गेला की एका बाजूनं शिरलेल्या किरणाला शेजारच्या बाजूनं थेट बाहेर पडायला वाटच उरत नाही.

दुर्बिणीत मात्र नेमके असेच काटकोनी लोलक वापरतात, आणि त्यातून दिसणाऱ्या पक्ष्याला रंगांची किनार येत नाही. काच तीच, आकार त्रिकोणीच, मग असं का? उजेड रुंद बाजूनं सरळ आत येतो, उरलेल्या दोन बाजूंवर आरशासारखा आपटतो आणि त्याच रुंद बाजूनं पुन्हा सरळच बाहेर पडतो. ही वाट मनातल्या मनात उलगडून सरळ केली, तर तो एक जाड सपाट काचेचा ठोकळाच निघतो. खिडकीच, फक्त घडी घातलेली. म्हणून ‘त्रिकोणी काच रंग पाडते’ हे माझं त्या दिवशीचं उत्तर अपुरं होतं. प्रकाश कोणत्या बाजूनं आत गेला आणि कोणत्या बाजूनं बाहेर आला, त्या दोन बाजू एकमेकींशी समांतर वागल्या की तिरक्या, एवढंच बघायचं.

आयझॅक न्यूटनला नेमकी या कवडशानंच वाट दाखवली. 1672 मध्ये छापलेल्या त्याच्या पत्रात सगळी मापं दिलेली आहेत. खिडकीच्या झडपेला छोटंसं भोक, भोकाशी लोलक, आणि 22 फुटांवर भिंत. भिंतीवरचं चित्र गोल यायला हवं होतं, पण ते सव्वातेरा इंच लांब आणि 2⅝ इंच रुंद आलं. ही रुंदी बघा. 22 फुटांवर साध्या कवडशाची जेवढी भरेल, जवळपास तेवढीच. म्हणजे आडव्या दिशेनं लोलकानं काहीच बदललं नव्हतं, ताणलं होतं ते उभ्या दिशेनंच. मग त्यानं त्यातला एकच रंग बारीक भोकातून दुसऱ्या लोलकावर सोडला. तो वळला, पण आणखी फुटला नाही. रंग काचेनं चढवलेले नाहीत, ते उन्हातच होते, हे त्यावरून पक्कं झालं.

भिंगात दोन्ही बाजू वाकलेल्या असतात. मध्यावर त्या जवळजवळ समांतर, आणि कडेकडे जावं तशा जास्त तिरक्या. म्हणजे भिंग हा लहान-लहान लोलकांचा गोल जमावच. त्यामुळे भिंग निळ्या रंगाला जवळ गोळा करतं आणि तांबड्याला थोडं लांब. साध्या काचेच्या एक मीटर नाभीय अंतराच्या भिंगात हा फरक दीड सेंटिमीटरपर्यंत जातो. याला कंटाळून न्यूटननं 1668 मध्ये भिंगाऐवजी आरशाची दुर्बीण बनवली. हा दोष भिंगातून कधी जाणारच नाही अशी त्याची समजूत होती, आणि ती चुकीची ठरली. क्राउन काचेचं फुगीर भिंग आणि फ्लिंट काचेचं खोलगट भिंग एकमेकांना चिकटवलं की एकानं फाकवलेले रंग दुसरं जुळवतं, तरी उजेड एकत्र येण्याचं काम होतंच. चेस्टर मूर हॉलनं हे 1730 च्या दशकात करून पाहिलं आणि जॉन डोलंडनं 1758 मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

तुमच्या चष्म्याचा नंबर मोठा असेल तर हा दोष तुम्ही रोज बघता. मान न वळवता भिंगाच्या कडेतून खिडकीच्या चौकटीकडे बघा, एका बाजूला निळसर आणि दुसऱ्या बाजूला नारिंगी रेघ दिसेल. पॉलिकार्बोनेटच्या भिंगात ती जास्त ठळक असते, कारण तो पदार्थ साध्या प्लास्टिकच्या भिंगापेक्षा रंग जवळपास दुपटीनं फाकवतो. डोळ्यांत बिघाड झाला म्हणून घाबरू नका.

गोळ्याचं गणित सगळ्यांत सुंदर आहे. पावसाच्या थेंबाला बाजू नाहीत, कोन नाही. प्रत्येक ठिकाणी उतार निराळा. तरी इंद्रधनुष्य पडतं, ते कसं? ऊन थेंबात शिरतं, मागच्या भिंतीवरून परततं आणि पुढून बाहेर येतं. थेंबाच्या मध्याजवळ शिरलेले किरण जवळजवळ आल्या वाटेनं परत जातात. मध्यापासून बाहेर सरकावं तसा परतीचा कोन वाढत जातो, एका टोकाला पोचतो आणि मग पुन्हा कमी होऊ लागतो. झोपाळा टोकाला क्षणभर थांबल्यासारखा होतो ना, तसे त्या टोकाच्या कोनाजवळ पुष्कळ किरण गोळा होतात. तांबड्याचं हे टोक 42 अंशांवर, जांभळ्याचं 40 च्या थोडं पुढे. टोकावर रंग वेगवेगळे दिसतात. त्याच्या आतल्या बाजूला सगळे एकमेकांवर चढतात, म्हणूनच कमानीच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा उजळ असतं. पुढच्या वेळी मुद्दाम बघा.

आमच्या शेजारची कन्नड माणसं इंद्रधनुष्याला ‘कामनबिल्लू’ म्हणतात, कामदेवाचं धनुष्य. आपण ते इंद्राच्या हाती दिलं, त्यांनी कामाच्या. सूर्य 42 अंशांच्या वर असेल तर सपाट रानात ते कुणालाच दिसत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळचं धनुष्य. गोकाकचा धबधबा याला अपवाद आहे. घटप्रभा तिथे सुमारे 52 मीटर खाली कोसळते, तुषार आपल्या पायाखाली असतात, आणि वरून खाली बघताना ऊन डोक्यावर आलेलं असतानाही कमान सापडू शकते.

आणि थेंबाऐवजी काचेचा गोळा असेल तर? काच पाण्यापेक्षा जास्त वळवते, म्हणून कमान आक्रसते. साध्या काचेच्या बारीक मण्यांसाठी तिचा कोन सुमारे 23 अंश होतो. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या रंगात असे मणी मिसळतात, रात्री गाडीच्या दिव्यात त्या चमकाव्यात म्हणून. निपाणी-बेळगाव महामार्गावर पट्ट्यांचं काम नुकतंच झालं असेल आणि मणी आजूबाजूला सांडलेले असतील, तर सूर्याकडे पाठ करून आपल्या डोक्याच्या सावलीभोवती बघा. जमिनीवर छोटं रंगीत वर्तुळ दिसू शकतं. बघताना वाहनांकडे लक्ष असू द्या.

आता रंगांच्या त्या शत्रूकडे परत येते. अर्ध्या अंशाचा पसरटपणा घालवायचा तर उजेड अरुंद उभ्या फटीतून सोडतात आणि भिंगानं सरळ करून लोलकावर टाकतात. मग भिंतीवर गोल बिंबांऐवजी त्या फटीची चित्रं पडतात. प्रत्येक रंगाचं एक, शेजारी-शेजारी. रंगांच्या पट्ट्यातल्या म्हणजे वर्णपटातल्या ‘रेषा’ ज्यांना म्हणतात, त्या याच. फट रेषेसारखी असते म्हणून त्या रेषांसारख्या दिसतात. फट गोल केली तर ठिपके दिसतील.

या फटीची आणि लोलकाची एक गोष्ट आपल्या भागात घडलेली आहे आणि ती आपल्याच मुलांना माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. 18 ऑगस्ट 1868 रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली दख्खनवरून गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, म्हणजे आजच्या बागलकोट जिल्ह्यात, लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक, म्हणजे फट आणि लोलक बसवलेलं यंत्र, लावून बसला होता. त्याचे आजोबा विल्यम हर्शेल यांनी 1800 मध्ये लोलकाच्या पट्ट्यात तांबड्याच्याही पलीकडे थर्मामीटर ठेवून न दिसणारी उष्णता शोधली होती. ऐन श्रावण-भाद्रपदातलं आभाळ, ढगांनी त्याला छळलं. तरी मिळालेल्या थोड्या क्षणांत त्यानं सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळेवर फट रोखली आणि त्याला तीन झगझगीत रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी, निळी. सलग पट्टा नाहीच. सलग पट्ट्याऐवजी अशा सुट्या रेषा तापलेला विरळ वायू देतो, म्हणजे त्या ज्वाळा तापून चमकणाऱ्या वायूच्या होत्या. त्याच ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सननं गुंटूरहून त्याच रेषा पाहिल्या. मधली नारिंगी-पिवळी रेष आधी सोडियमची वाटली. नीट मोजल्यावर ती पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात पदार्थाशी जुळेना. तिच्या मालकाला हेलियम हे नाव मिळालं आणि 1895 मध्ये विल्यम रामसे यांना तो वायू पृथ्वीवर सापडला.

घरी लोलक नसेल तरी चालेल. एक परात घ्या, पाणी भरा आणि उन्हात ठेवा. एक सपाट आरसा पाण्यात बुडवून काठाला तिरका टेकवा, तोंड सूर्याकडे. पाण्याचा पृष्ठभाग आणि आरसा यांच्यामध्ये पाण्याची पाचर तयार होते. किरण तिच्यातून दोनदा जातो, म्हणून आरसा 30 अंश तिरका असेल तर तो 60 अंशांच्या लोलकासारखं काम करतो. पाणी काचेइतकं फाकवत नाही, तरी तीन मीटरवर तांबड्या-जांभळ्यात चार-पाच सेंटिमीटरची फट पडते. रंग खिडकीवरच्या भिंतीवर किंवा छतावर सापडतील, नाहीतर पांढरा पुठ्ठा धरून शोधा. आरशात थेट बघू नका, त्यात सूर्य असतो.

रंग सापडले की परात हलू न देता आरसा हळूहळू खाली निजवा. पट्टा आखडत जाईल, रंग एकमेकांवर सरकतील, मधे पांढरं उगवेल आणि रंग कडेला उरतील, आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर असायचे तसे. आरसा तळाला पूर्ण टेकला, पाण्याच्या दोन्ही बाजू समांतर झाल्या, की समोरच्या भिंतीवर नुसता पांढरा उजेड थरथरत राहील.